नव्या स्प्रेडशीटचा मूळ नमुना ठरवणे : एका हिशेब कार्यालयाचे प्रकरण

येथे मांडलेले प्रकरण ठाण्यातील एका लहान कार्यालयाचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहून देणे हे त्याचे काम. सभासदांची मासिक देखभाल बिले, पावत्या, थकबाकीच्या याद्या, बँक जुळवणी आणि ३१ मार्च उलटला की लेखापरीक्षकांपुढे ठेवायचे उत्पन्न-खर्च पत्रक व सहकारी संस्थांच्या नियमांत दिलेल्या ‘एन’ नमुन्यातील ताळेबंद, असा त्याचा वर्षभराचा क्रम असतो. मुख्य खतावणी लेखा-सॉफ्टवेअरमध्ये होत असली, तरी तिच्या आजूबाजूची बहुतेक कामे स्प्रेडशीटमध्ये होतात. कार्यालयात पाच संगणक होते. तिघांवर विंडोज आणि एक्सेल, एकावर विंडोज आणि लिब्रेऑफिस, तर एकावर उबुंटू आणि लिब्रेऑफिस अशी त्यांची मांडणी होती. उबुंटू ही विंडोजसारखीच एक संगणक-प्रणाली, तर लिब्रेऑफिस हा एक्सेलसारखी स्प्रेडशीट असलेला मुक्त प्रोग्रॅम-संच.

प्रकरणाला तोंड फुटले ते एका छापील यादीवरून. एका संस्थेला पाठवलेल्या थकबाकीच्या यादीत प्रत्येक पानाच्या तळाशी दुसऱ्याच संस्थेचे नाव छापले गेले होते. आकडे बरोबर होते, सभासदांची नावेही बरोबर होती. परंतु त्या संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : आमची यादीसुद्धा अशीच दुसऱ्या कोणाच्या कागदातून फिरत असेल का? हिशेबाच्या व्यवसायात विश्वास हेच भांडवल असल्याने कार्यालयाच्या प्रमुखांनी ही गोष्ट छपाईतील चूक म्हणून सोडून दिली नाही, आणि हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे.

शोध घेतल्यावर कारण सापडले. नवे काम हाती आले की येथे कोणीही कोरी फाईल उघडत नसे. मागच्या वेळची, बहुधा वेगळ्याच संस्थेची फाईल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करून नवे नाव द्यायचे, जुने आकडे पुसायचे आणि नवे भरायचे, अशी रीत पडली होती. सेलमधले आकडे पुसले जातात, पण फाईलमध्ये सेलखेरीज बरेच काही असते. पानाचे हेडर-फूटर, म्हणजे प्रत्येक पानाच्या वर आणि तळाशी छापला जाणारा मजकूर, नेहमीच्या दृश्यात दिसत नाहीत, म्हणून ते तसेच राहतात. लपवलेली शीट लपलेलीच पुढे जाते. पूर्वी एखाद्या सूत्राने दुसऱ्या फाईलमधून आकडा उचललेला असेल, तर तो दुवाही सोबत येतो आणि फाईल उघडताना दुवे अद्ययावत करायचे का, असा प्रश्न प्रोग्रॅम विचारतो. कोणाच्याही ओळखीचा नसलेला तो प्रश्न येथे सगळे जण सवयीने बंद करत असत.

मग सगळे जण जुनीच फाईल का उघडत असत? आळस हे त्याचे उत्तर नव्हते. प्रमुखांनी ज्येष्ठ लेखापाल बाईंना विचारले, “ताई, कोरी फाईल घेतली तर काय अडतं?” त्यांनी उत्तर दिले, “सर, कोरी फाईल घेतली की आधी कागद बदला, मग फॉन्ट बदला, मग तारखा, मग स्वल्पविराम. एवढं करेपर्यंत जुन्या फाईलमध्ये अर्धी यादी झालेली असते.” या उत्तरात प्रकरणाचे मर्म आहे. प्रोग्रॅमची कोरी फाईल या कार्यालयाच्या कामाची नव्हती, म्हणून माणसे भरलेली फाईल कोरी करून वापरत होती. जुनी फाईल वापरू नका असा नुसता आदेश काढला असता, तर तो दोन आठवडेही टिकला नसता. कोरी फाईलच कार्यालयाच्या कामाची करून देणे हा एकच टिकाऊ उपाय होता, आणि डिफॉल्ट टेम्पलेट, म्हणजे प्रत्येक नवी कोरी फाईल ज्यावरून तयार होते तो मूळ नमुना, त्यासाठीच असते.

टेम्पलेटमध्ये काय असावे

सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. प्रमुखांची पहिली इच्छा अशी होती, की नवी फाईल उघडताच ‘एन’ नमुन्याचा संपूर्ण ताळेबंद सूत्रांसह समोर यावा. वरवर पाहता ही सोय आकर्षक वाटते. परंतु डिफॉल्ट टेम्पलेट हे प्रत्येक नव्या फाईलसाठी उघडते. प्लंबर आणि लिफ्टवाल्यांचे दूरध्वनी क्रमांक टिपायला घेतलेल्या फाईलसाठीही उघडते. तिथे ताळेबंद आला की माणूस तो पुसणार, आणि पुसून कोरी करण्याची तीच जुनी सवय नव्या मार्गाने परत येणार. म्हणून नियम असा ठरला : प्रत्येक नव्या फाईलला खात्रीने लागेल तेवढेच डिफॉल्टमध्ये ठेवायचे आणि त्यात एकही अक्षर किंवा आकडा मजकूर म्हणून ठेवायचा नाही. संस्थेचे नाव, मथळा, नमुन्याच्या ओळी, सूत्रे यांपैकी काहीच नाही. ताळेबंद, बँक जुळवणी आणि थकबाकी यादी यांची स्वतंत्र टेम्पलेटे करून ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. एक्सेलच्या ‘सेव्ह’ विभागातील पर्यायांत वैयक्तिक टेम्पलेटांचे ठिकाण म्हणून त्या फोल्डरचा पत्ता दिला, की ती ‘न्यू’च्या पानावर निवडीसाठी वेगळी दिसतात.

कागद ही पहिली बाब होती. एका संगणकावर प्रिंटरचा मूळ कागद लेटर राहिला होता. लेटरचा आकार २१६ बाय २७९ मिलिमीटर, तर ए-फोरचा २१० बाय २९७; म्हणजे लेटर रुंदीला थोडा मोठा आणि उंचीला जवळजवळ दोन सेंटिमीटर लहान. लेटरच्या मापाने बसवलेली यादी ए-फोरवर छापली की शेवटचा कॉलम दुसऱ्या पानावर जातो, हा येथील नेहमीचा त्रास होता. टेम्पलेटमध्ये ए-फोर, ठरलेले समास आणि फूटरमध्ये फाईलचे नाव, शीटचे नाव व एकूण पानांपैकी पान क्रमांक आपोआप उचलणारे कोड घातले. फूटरमध्ये हाताने टाइप केलेले नाव नसल्याने जुने नाव मागे राहण्याचा प्रश्नच उरला नाही. फाईलला नाव देताना संस्थेचे नाव आधी लिहावे एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

फॉन्टची निवड दिसते त्याहून अवघड निघाली. याद्यांत मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असतो. विंडोज ८ पासून त्या प्रणालीसोबत निर्मला यूआय हा फॉन्ट येतो, पण तो उबुंटूवर नसतो; तिथे प्रोग्रॅम दुसरा फॉन्ट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि पाने सरकतात. म्हणून मुक्त परवान्याचा नोटो सान्स देवनागरी पाचही संगणकांवर बसवला. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी ‘नॉर्मल’ या मूळ शैलीच्या (शैली म्हणजे नाव देऊन साठवलेले सेलचे स्वरूप) फॉन्टमधील शून्य या अंकाच्या रुंदीवरून मोजली जाते, त्यामुळे आधी त्या शैलीचा फॉन्ट पक्का करून मगच कॉलमच्या रुंदीला हात लावायचा. क्रम उलटा झाला तर आखलेल्या सर्व रुंदी बिघडतात. ओळींची उंची मुद्दाम हाताने बांधली नाही. हाताने ठरवलेली उंची पुढे आपोआप वाढत नाही, आणि देवनागरीत वरची वेलांटी व खालचा उकार दोन्ही कापले जातात. लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक बारकावा आहे : तिथे सेलच्या मूळ शैलीत पाश्चात्त्य लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या जटिल मांडणीच्या लिपीसाठी दुसरा असा फॉन्ट वेगवेगळा ठरवावा लागतो. पहिलाच बदलला तर मराठी मजकूर जुन्याच फॉन्टमध्ये राहतो, आणि बदल लागलाच नाही असा समज होतो.

याच टप्प्यावर एक जुनी अडचण वर आली. काही वर्षांपूर्वीच्या फाईलींतील खात्यांची मराठी नावे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची युनिकोड ही सामाईक संकेतपद्धत न पाळणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली होती. अशा मजकुरात प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्टच्या कृपेने ती मराठी दिसतात. तो मजकूर नव्या टेम्पलेटच्या फाईलमध्ये नुसताच चिकटवला की अर्थहीन अक्षरे उमटतात. हा टेम्पलेटचा दोष नव्हे. खात्यांची नावे एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतली, तपासली आणि तीच पुढे वापरायची असे ठरले.

लाख, कोटी आणि तारखा

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, कारण टेम्पलेटची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. कार्यालयाला १२,३४,५६७ असे आकडे हवे होते, आणि दोन संगणकांवर ते १,२३४,५६७ असे दिसत होते. एक्सेलसाठी एक प्रसिद्ध युक्ती आहे : सानुकूल अंकस्वरूपात अटी घालून कोटी किंवा त्याहून मोठ्या रकमेला एक मांडणी, लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेला दुसरी आणि उरलेल्यांना तिसरी द्यायची. परंतु एका अंकस्वरूपात अशा दोनच अटी घालता येतात आणि बाकी सगळे तिसऱ्या भागात जाते. परिणामी ऋण रक्कम कितीही मोठी असली तरी त्या तिसऱ्या भागात जाते आणि तिचे स्वल्पविराम पुन्हा हजारांच्या पद्धतीने पडतात. तूट आणि थकबाकी दाखवणाऱ्या हिशेबात धन रकमा एका पद्धतीने व ऋण रकमा दुसऱ्या पद्धतीने छापणे चालणारे नाही, म्हणून ही युक्ती बाजूला ठेवली.

सरळ मार्ग टेम्पलेटच्या बाहेर होता. एक्सेल अंकांचे गट विंडोजच्या प्रदेश-सेटिंगप्रमाणे पाडते. ज्या दोन संगणकांवर प्रदेश अमेरिकेचा राहिला होता, तिथे तो इंग्लिश, इंडिया असा केला, आणि टेम्पलेटमधील साधे स्वल्पविरामाचे स्वरूप आपोआप लाख-कोटीत दिसू लागले. लिब्रेऑफिस स्वतःच्या भाषाविषयक सेटिंगमधील लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेशाची निवड, पाहते, आणि तिथे गटांची भारतीय मांडणी अंकस्वरूपाच्या कोडातही लिहिता येते. म्हणून लिब्रेऑफिसच्या दोन संगणकांवर दोन्ही गोष्टी केल्या. याचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो : एक्सेलमधील हे दिसणे फाईलचे नसून बघणाऱ्याच्या संगणकाचे असते. परदेशात राहणाऱ्या सभासदाने तीच फाईल उघडली, तर त्याला दशलक्षांची मांडणी दिसू शकते. बाहेर पाठवायचे कागद त्यामुळे पीडीएफ करूनच पाठवायचे ठरले.

तारखांचा प्रश्न याहून गंभीर होता. टेम्पलेटमध्ये दिवस-महिना-वर्ष असे स्वरूप ठेवले, तरी ते फक्त तारीख कशी दिसावी एवढेच ठरवते; टाइप केलेली अक्षरे कोणती तारीख मानायची, हे प्रणालीचे प्रदेश-सेटिंग ठरवते. अमेरिकी सेटिंग असलेल्या संगणकावर आर्थिक वर्षाचा पहिला दिवस म्हणून ०१/०४ लिहिले तर प्रोग्रॅम ४ जानेवारी नोंदवतो. तेथेच १३/०४ लिहिले तर तेरावा महिना नसल्याने ती तारीख न राहता नुसता मजकूर होतो आणि क्रमवारीत किंवा दिवसांच्या वजाबाकीत बाहेर पडतो. एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नसलेल्या, अशी स्थिती थकबाकीवरील व्याज काढताना फार महागात पडते. टेम्पलेट तयार करण्यापूर्वी प्रत्येक संगणकाचे प्रदेश-सेटिंग तपासणे ही म्हणूनच पहिली पायरी मानली पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन.

शेवटी काही शैली तयार केल्या : मथळा, रक्कम, बेरीज, तारीख आणि हाताने भरायचा सेल. मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच साठवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्या, घातले नाहीत. मॅक्रो ठेवायचे तर टेम्पलेटचा आणि त्यातून जन्मणाऱ्या प्रत्येक फाईलचा प्रकार बदलावा लागतो, शिवाय बाहेरून आलेल्या मॅक्रोच्या फाईली न उघडण्याची शिस्त सैल पडते. गुणधर्मांतील शीर्षक आणि विषय हे रकाने रिकामे केले.

नवी फाईल किती दारांनी येते

एक्सेलमध्ये ही फाईल ‘बुक’ या नावाने, एक्सएलटीएक्स या टेम्पलेट प्रकारात, एक्सएलस्टार्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तो फोल्डर प्रत्येक वापरकर्त्याच्या ॲपडेटामधील रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल या मार्गावर असतो आणि ॲपडेटा लपवलेला असल्याने शोधताना दिसत नाही. व्हिज्युअल बेसिक संपादकाच्या इमिजिएट खिडकीत ॲप्लिकेशनच्या स्टार्टअप-पाथची विचारणा केली, की नेमका पत्ता मिळतो. ‘सेव्ह ॲज’मध्ये टेम्पलेट प्रकार निवडताच एक्सेल स्वतःहून डॉक्युमेंट्समधील टेम्पलेटांच्या फोल्डरकडे वळते, त्यामुळे प्रकार आधी आणि ठिकाण नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. एका सहायकाने घाईत तीच फाईल साध्या वर्कबुकच्या प्रकारात जतन केली होती. एक्सएलस्टार्टमधील साधी वर्कबुके एक्सेल सुरू होताना तशीच्या तशी उघडतात, म्हणजे समोर नवी प्रत न येता मूळच येते. त्यात काम करून जतन केले, की त्या दिवसाचे आकडे दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी समोर उभे राहतात. सुदैवाने हे चाचणीतच लक्षात आले.

मग प्रत्येक मार्ग तपासला. कंट्रोल-एन दाबले की नवे टेम्पलेट येते. परंतु एक्सेल २०१३ पासून सुरुवातीला जो पडदा दिसतो, त्यावरील कोऱ्या वर्कबुकची चौकट ‘बुक’कडे पाहत नाही, ती एक्सेलची मूळचीच कोरी फाईल देते. कार्यालयातील बहुतेकांची सवय त्याच चौकटीवर क्लिक करण्याची होती. टेम्पलेट लागत नाही अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा हेच कारण असते. सामान्य पर्यायांत जाऊन तो पडदा बंद केला, म्हणजे एक्सेल उघडताच कार्यालयाचीच कोरी फाईल समोर येऊ लागली.

चालू फाईलमध्ये जोडलेल्या नव्या शीटसाठी ‘बुक’ पुरत नाही. त्यासाठी एकच शीट असलेले ‘शीट’ नावाचे दुसरे टेम्पलेट त्याच फोल्डरमध्ये ठेवावे लागते. ते ठेवले नाही तर पहिले पान ए-फोर आणि फूटरसह, व दुसरे पान मूळ सेटिंगचे, असा घोळ होतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये उजवे क्लिक करून ‘न्यू’मधून फाईल तयार करणे हे आणखी एक दार आहे, आणि ते एक्सएलस्टार्टला विचारतच नाही, त्याची कोरी फाईल विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रणालीच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नोंदवलेल्या निराळ्या ठिकाणाहून येते. ती बदलता येते, पण त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. पाच संगणकांच्या कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. उजव्या क्लिकने फाईल काढायची नाही, एवढा तोंडी नियम केला.

लिब्रेऑफिसचे काम तुलनेने सोपे होते. फाईल मेनूतील टेम्पलेट विभागातून ती टेम्पलेट म्हणून जतन करताना ‘डिफॉल्ट’ची खूण करता येते, किंवा नंतर टेम्पलेट व्यवस्थापकात तिच्यावर उजवे क्लिक करून तसे ठरवता येते. तेथे पानाची मांडणी शीटला न चिकटता पान-शैलीत साठवली जाते, म्हणून मूळ पान-शैली नीट केली की नंतर जोडलेली शीटही तीच मांडणी घेते आणि वेगळ्या टेम्पलेटची गरज पडत नाही. फाईलींची देवघेव एक्सेलवाल्यांशी रोजची असल्याने या दोन संगणकांवर जतन करण्याचा नेहमीचा प्रकार एक्सेलचा ठेवला.

काही संस्थांच्या समित्या गूगल शीट्सवर काम करतात. तिथे नव्या कोऱ्या शीटसाठी असे डिफॉल्ट टेम्पलेट ठरवण्याची सोय नाही, आणि ब्राउझरमधील एक्सेललाही संगणकावरील एक्सएलस्टार्ट फोल्डर दिसत नाही. त्या कामांसाठी सामायिक ड्राइव्हवर एक स्वच्छ फाईल ठेवून तिची प्रत काढायची, एवढाच मार्ग उरला.

अंमल आणि त्यानंतर

एक्सएलस्टार्ट प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र असल्याने दोन्ही टेम्पलेटे प्रत्येकाच्या खात्यात वेगळी ठेवावी लागली. मूळ प्रत सामायिक फोल्डरमध्ये केवळ वाचण्यापुरती ठेवली आहे आणि ती बदलण्याचा अधिकार ज्येष्ठ लेखापाल बाईंकडे आहे. काही बिघडले तर परतीचा मार्ग सोपा आहे : एक्सएलस्टार्टमधून ‘बुक’ आणि ‘शीट’ या फाईली काढल्या की एक्सेल पूर्ववत होते, आणि लिब्रेऑफिसमध्ये टेम्पलेट व्यवस्थापकातून डिफॉल्ट पूर्वीसारखे करता येते. हे कसे करायचे ते मराठीत लिहून प्रत्येक टेबलाशी लावले आहे.

नव्या टेम्पलेटने जुन्या फाईली बदलत नाहीत, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगावे लागले, कारण दोघांची अपेक्षा तशी होती. चालू वर्षात वापरात असलेल्या थोड्या फाईलींत सेल-शैलींच्या यादीतील ‘मर्ज स्टाइल्स’ने नव्या शैली आणल्या आणि प्रत्येकीचे फूटर हाताने तपासले. उरलेल्या जुन्या फाईली तशाच संग्रहात ठेवून त्या फोल्डरवर केवळ वाचण्याचा अधिकार दिला, जेणेकरून त्यांतील कोणतीही फाईल त्याच जागी बदलून जतन होऊ नये. तिची प्रत दुसरीकडे काढणे अजूनही शक्य आहे. पण आता कोरी फाईल आधीच ए-फोरची, मराठी फॉन्टची आणि लाखांच्या स्वल्पविरामांची मिळत असल्याने तशी प्रत काढण्याचे कारण उरलेले नाही.